गोलपिठा : वस्ती आणि संहिता

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. कवीसोबत त्या वस्तीत हिंडून आलेल्या पांढरपेशा लेखकाचे ते प्रांजळ कथन. पण त्याने वाचकालाही पाहुणा केले. पुढे आपली समीक्षा बव्हंशी या कवितेत कामाठीपुऱ्याचा पुरावाच शोधत राहिली. ‘अस्सल अनुभव’ ही दाद वरकरणी उदार वाटते. प्रत्यक्षात ती कवीकडून रचनेचे कर्तृत्व काढून घेते. (मर्ढेकरांची मुंबई कोणी अशी पडताळून पाहिली?) वस्तीतली बोली, शिवी, धंद्याची परिभाषा येथे तत्सम शब्दांना खेटून उभी राहते. ही सरमिसळ गल्लीत आयती मिळत नाही; ती ढसाळांनी घडवली. बोलीतल्या शब्दाचा अर्थ वस्तीत विचारता येतो; त्याच्या शेजारी तो तत्सम शब्द का आला, हे मात्र ओळीतच शोधावे लागते.