पुन्हा एकत्र येण्याचा अधिकार

फुटलेली कलावंत मंडळी पुन्हा एकत्र येतात, तेव्हा रसिक त्या घटनेकडे भावनेने पाहतात. जुने मित्र भेटले, जुने स्वर जुळले, याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु ज्यांच्या कलेचा इतिहासच जागोजागी तुटलेला आहे, त्यांनी या आनंदापाशी थोडे थांबले पाहिजे. एकत्र येण्यासाठी काय काय शाबूत असावे लागते, असे विचारले की भावनेखाली दडलेले समाजवास्तव वर येते. हा प्रश्न मी मुंबईच्या एका रॉक बँडच्या निमित्ताने विचारीत आहे.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड उभा राहिला. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक इंग्रजी बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवीत. या तरुणांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ व १९९० साली त्यांचे अल्बम काढले. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले; त्या नावाचा अल्बम १९९५ साली आला. १९९७ मध्ये बँड फुटला. तेरा वर्षांनी, २०१० साली, उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने तिघे दोन नव्या वादकांना घेऊन पुन्हा उभे राहिले. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा त्यांचा नवा अल्बम आला.

हा अल्बम जुन्या गाण्यांची उजळणी नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू. पुन्हा एकत्र आलेले बँड बहुधा जुन्या टाळ्यांवर जगतात. यांनी नवी रचना केली. तिचे वळण प्रोग्रेसिव्ह रॉककडे आहे. गिटार आणि कीबोर्ड यांचे थर एकावर एक चढतात, गाणे पसरत जाते, ते धृपदाकडे परतण्याची घाई करीत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी विशीतल्या पोरांचा आव आणलेला नाही, हेही चांगले आहे.

पण 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाची झडती घेतल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. रॉकचे मूळ अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजमध्ये आहे. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी शेतांत, गुत्त्यांत, तुरुंगांत ते गाणे घडविले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही गोऱ्या बँडनी त्या रॉकला दीर्घ रचना, विषम ताल आणि युरोपीय अभिजात संगीताची वळणे दिली. त्या रॉकला पुढे 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे प्रगत, हे नाव मिळाले. म्हणजे काळ्यांच्या गाण्यापासून दूर आणि अभिजनांच्या संगीताजवळ जाणे हीच प्रगती ठरली! हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही. तमाशातली लावणी बैठकीत आली की ती सुसंस्कृत होते; ढोलकीवाल्याची जात मात्र फडावरच राहते.

तरीही या प्रकाराने एक मोलाचे बंड केले, हे नाकारता येत नाही. गाणे तीन मिनिटांत संपलेच पाहिजे, हा रेकॉर्डच्या बाजाराचा कायदा त्याने मोडला. एक विषय घेऊन सबंध अल्बम बांधावा, एक गाणे वीस मिनिटे चालू द्यावे, श्रोत्याला सोबत घेऊन विचार करावा, अशी हिंमत त्याने दाखविली. ही हिंमत आपल्याकडे त्याच्याही आधी होती. सत्यशोधक जलसा आणि त्यानंतर १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी गावोगाव नेलेला आंबेडकरी जलसा काय होता? तमाशाचा साचा घ्यायचा आणि आतला माल बदलायचा. गणात देवाच्या जागी समाजसुधारकाला वंदन करायचे, गवळणीचा शृंगार बाजूला सारायचा, आणि वगातून सावकार, भटजी, गावकी यांच्याशी वाद घालायचा. गाणे, संवाद, विनोद, युक्तिवाद यांची ती रात्रभर चालणारी सलग रचना होती. तिला कोणी 'प्रोग्रेसिव्ह' म्हटले नाही. अभिजनांच्या लेखी तो महारांचा तमाशा होता.

आता १९९७ या सालाकडे पाहू. त्याच साली मुंबईत आणखी एक आवाज थांबला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. बँड फुटला आणि शाहीर गेला, दोन्ही एकाच शहरात, एकाच साली. त्या बँडने रमाबाई नगरावर गाणे का केले नाही, असा पोरकट सवाल मी करणार नाही. मला दिसतो तो या दोन शांततांमधला फरक. एक शांतता तेरा वर्षांनी मोडता येते. दुसरी मोडता येत नाही.

२०१२ साली बँड नवा अल्बम घेऊन आला. घोगरेही त्याच सुमारास परतले, पण ते आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटातून. २०११ साली पूर्ण झालेला हा चित्रपट त्यांच्या मृत्यूपासूनच सुरू होतो. १९८५च्या 'हमारा शहर'साठी पटवर्धनांनी त्यांना चित्रित केले होते, म्हणून त्यांचा गाता चेहरा आज आपल्याजवळ आहे. एका माणसाने कॅमेरा नेला नसता, तर आपल्याजवळ काय उरले असते?

पुन्हा एकत्र यायला तीन गोष्टी लागतात. माणसे जिवंत आणि मोकळी असावी लागतात. मधल्या वर्षांत पोट भरण्याची सोय असावी लागते. आणि जुने काम कुठेतरी साठविलेले असावे लागते. तिसरी गोष्ट किती बलवान आहे, ते इंग्लंडच्या 'पिंक फ्लॉइड'ने दाखवून दिले. त्यांचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट २००८ साली वारला. तरीही २०१४ साली त्यांनी 'द एंडलेस रिव्हर' हा अल्बम काढला आणि त्यात राइटचे वादन आहे, कारण १९९३च्या सुमाराच्या टेपा जपून ठेवलेल्या होत्या. ज्यांच्याजवळ टेप आहे, त्यांचा मेलेला सोबतीही नव्या अल्बमात वाजवू शकतो.

आपल्याकडचा हिशेब मांडा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रान पेटविले. अण्णा भाऊ जुलै १९६९ मध्ये गेले, अमर शेख ऑगस्टमध्ये. दीड महिन्याच्या अंतराने दोन्ही आवाज संपले. छापलेले शब्द वाचता येतात. पण तिघांच्या आवाजांची टक्कर, डफाची थाप, समोरच्या गिरणी कामगारांचा हुंकार कोणत्या कपाटात आहे?

यावर आपल्यातले काही जण म्हणतील, आमची परंपरा मौखिक आहे, गाणे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, आम्हाला टेप कशाला? हे समाधान मला मान्य नाही. मौखिकता हा आपला गुण म्हणून मिरविणे म्हणजे आपल्यावर लादलेल्या दारिद्र्याला अलंकार म्हणणे होय. शिवाय ते पूर्ण खरेही नाही. भीमगीतांच्या रेकॉर्डी निघाल्या, पुढे कॅसेटी निघाल्या, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर त्या मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. वामनदादा कर्डकांची गाणी घराघरांत पोचली, त्यांत या कॅसेटींचाही वाटा आहे. परंतु बाजाराने जलशातले काय उचलले? सुटे गाणे उचलले. वग, वाद, सवाल-जवाब वगळले, कारण ते तीन-चार मिनिटांत बसत नव्हते. विचार करणारा जलसा गळाला आणि जयजयकार करणारे धृपद उरले. आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीतून जे ऐकू येते, त्याची सुरुवात या कापाकापीत आहे.

पहिल्या अटीविषयीही बोलले पाहिजे. २००२ साली पुण्यात कबीर कला मंच स्थापन झाला. जलशाची सलग, वाद घालणारी रचना या तरुणांनी पुन्हा हाती घेतली. 'इव्हॉल्व्ह' येण्याआधीच्या वर्षी, २०११ साली, मंचाच्या दोघांना अटक झाली आणि इतर भूमिगत झाले. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर गाणी गात पोलिसांना सामोरे गेले. शीतल त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना मात्र २०१७ साल उजाडले. २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे. पण समीक्षकाने एवढे नोंदविलेच पाहिजे की रॉक बँडची तेरा वर्षे आपापल्या वाटा धुंडाळण्यात जातात आणि शाहिरांच्या पथकाची वर्षे तारखांवर जातात.

आमच्या दीपनगरात औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत एक गायन पार्टी होती. पाळी संपवून आलेले कामगार, ठेक्यावर काम करणारे दोघे, एक पेटी, एक ढोलकी. भुसावळपासून फेकरीपर्यंत जयंतीला त्यांना बोलावणे असे. त्यांचा एक संपूर्ण कार्यक्रम कोणीतरी कॅसेटवर भरून ठेवला होता. ती कॅसेट मी पुढे मिळविली. त्यावर लग्नातली सिनेमाची गाणी होती. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून घरातल्याच कोणी भीमाच्या गाण्यावर ती भरली. कोणाला दोष देणार? राज्याला वीज पुरविणाऱ्या गावात चार माणसांचा आवाज जपण्याइतकी कॅसेट नव्हती. ते चौघे आता एकत्र येऊ शकत नाहीत. दोघे वारले, एक मुलाकडे सुरतेला आहे, आणि पेटीवाल्या काकांना कमी ऐकू येते.

म्हणून 'इव्हॉल्व्ह' ऐकताना मला मत्सर वाटला, हे मी मान्य करतो. तो मत्सर त्या वादकांच्या कौशल्याचा नाही, त्यांच्या निश्चिंतपणाचा आहे. 'आम्ही नंतर पुन्हा वाजवू' असे मानून फुटता येणे, ही या देशात फार थोड्यांना परवडणारी गोष्ट आहे.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' २०१८ पासून गाना आणि रॉक एकत्र वाजवितो. मुंबईत 'धम्म विंग्ज' गिटार घेऊन बुद्ध आणि भीम गातो. वाद्य कोणाच्या बापाचे नसते, हे या तरुणांनी सिद्ध केले. आणि प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. त्यामुळे साधन नव्हते ही सबब आपल्या पिढीला चालणार नाही.

प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या शाहिराकडे जावे. एखादे गाणे मागू नये, संपूर्ण जलसा मागावा. मधले संवाद, विसरलेली ओळ आठवताना लागलेला वेळ, खोकला, शिवी, सारे टिपावे. वहीचे प्रत्येक पान उतरवून घ्यावे आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. पेटीवाल्या काकांना ऐकू कमी येते, पण बोटे अजून चालतात. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.