एम्युलेटरमधल्या तारा: कोडमध्ये कोण कोणाला ओळखतं?

एम्युलेटरच्या कोडबद्दल बोलताना बहुतेक जण प्रोसेसरबद्दल बोलतात. ६८०९ चे सगळे आदेश बरोबर चालतात का, वेग किती मिळतो, वगैरे. पण प्रोसेसर हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, कारण त्याचं मॅन्युअल छापलेलं असतं. एका विशिष्ट बोर्डावर तो प्रोसेसर कशाकशाला जोडलेला होता, हे मात्र त्या मॅन्युअलमध्ये नसतं. ते बोर्डाच्या सर्किट डायग्राममध्ये असतं, आणि डायग्राम हरवली तर फक्त बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमध्ये.

म्हणून आज ‘मेम’ या एम्युलेटरचा कोड वाचायचा, पण चिप्ससाठी नाही, चिप्सना जोडणाऱ्या भागासाठी. मेम १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी सुरू केला. २०१५ मध्ये संगणक आणि कन्सोलवाला ‘मेस’ हा भावंड-प्रकल्प त्यात विलीन झाला. खेळ खेळता येणं हा आपला मुख्य हेतू नाही, असं मेमचे लोक आग्रहाने सांगतात. कोड हाच त्या हार्डवेअरचा दस्तऐवज, आणि खेळ चालणं हा दस्तऐवज बरोबर असल्याचा पुरावा, अशी त्यांची भूमिका आहे. दावा मोठा आहे. मग कोडही त्याच मापाने मोजायला हवा: हा दस्तऐवज वाचून मला बोर्ड समजतो का?

आधी यंत्रणा समजून घेऊ. मेममध्ये प्रत्येक चिप म्हणजे एक डिव्हाइस, आणि प्रत्येक डिव्हाइसला एक टॅग, म्हणजे साधं अक्षरी नाव: ‘मेनसीपीयू’, ‘स्क्रीन’, ‘पॅलेट’. डिव्हाइसच्या पोटात आणखी डिव्हाइस असू शकतात, त्यामुळे ही नावं घराच्या पत्त्यासारखी सापेक्ष असतात. नुसतं नाव दिलं तर ते आपल्याच घरात शोधलं जातं. आधी टोपीचं चिन्ह (^) लावलं तर एक पायरी वर, आणि कोलन लावला तर थेट मुळापासून.

आता एका चिपला दुसरी हवी असेल तर? पूर्वीच्या ड्रायव्हरमध्ये गरज पडेल तिथे फंक्शनच्या आतच नाव देऊन डिव्हाइस शोधलं जायचं. म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे हे कळायला अख्खी फाइल चाळायची. आजच्या पद्धतीत ‘ऑब्जेक्ट फाइंडर’ असतात. क्लासच्या सुरुवातीलाच लिहून टाकायचं: मला एक सीपीयू लागणार, एक रॉमचा तुकडा लागणार, एक सामायिक रॅम लागणार. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त नाव दिलं जातं, प्रत्यक्ष वस्तू मिळत नाही. सगळी डिव्हाइस तयार झाली, रॉम भरले गेले, की कोणतंही डिव्हाइस सुरू होण्याआधी ही नावं एकदाच सोडवली जातात. त्यानंतर फाइंडर हा साध्या पॉइंटरसारखा वापरता येतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन शब्द: ‘रिक्वायर्ड’ आणि ‘ऑप्शनल’. रिक्वायर्ड म्हटलेली वस्तू सापडली नाही, किंवा सापडली पण भलत्याच प्रकारची निघाली, तर मशीन सुरूच होत नाही. ऑप्शनल असेल तर पॉइंटर रिकामा राहतो आणि काम पुढे चालतं. लग्नाच्या यादीत ‘हे पाहिजेच’ आणि ‘जमलं तर’ असे दोन रकाने असावेत, तसंच हे. ड्रायव्हरच्या क्लासची पहिली पंधरा-वीस ओळी वाचली की बोर्डावर काय काय होतं याची यादी हातात येते. दस्तऐवज म्हणून हे उत्तमच आहे.

पण यादी म्हणजे जोडणी नव्हे. प्रश्न इथून पुढे सुरू होतात.

खऱ्या चिपला पिना असतात. पिनच्या पलीकडे कोण आहे हे तिला माहीत नसतं, माहीत असण्याची गरजही नसते. मेममध्ये याचं खरं प्रतिरूप फाइंडर नसून ‘कॉलबॅक’ आहे. ६८२१ ही पीआयए चिप (प्रोसेसर आणि बाहेरच्या जगामधला पोर्ट) म्हणते, माझी इंटरप्टची रेषा बदलली की मी सांगेन. कोणाला सांगायचं हे बोर्डाच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठरतं. चिप अनोळखीच राहते, म्हणून तोच ६८२१ चा कोड शेकडो मशीनमध्ये वापरता येतो. फाइंडर मात्र उलटा आहे: तिथे एक वस्तू दुसरीला नावाने ओळखते आणि थेट तिच्या घरात शिरते. बोर्डाने आपल्या चिप्सना असं ओळखणं रास्त आहे. एखादी चिपच प्रोसेसरचा फाइंडर बाळगत असेल, तर तिथे न असलेली तार ओढली आहे का, ही शंका घ्यायलाच हवी.

ठोस उदाहरण घेऊ: विल्यम्स कंपनीचा १९८१ चा ‘डिफेंडर’. मुख्य बोर्डावर १ मेगाहर्ट्झचा ६८०९, आवाजाच्या बोर्डावर ६८०८, आणि मध्ये पीआयए. विल्यम्सच्या ड्रायव्हरमध्ये तीन जोडण्या बघण्यासारख्या आहेत.

पहिली: चित्राच्या पत्त्याची व्हीए११ नावाची रेषा पीआयएच्या सीबी१ पिनला जाते, आणि २४० वी ओळ आल्याचा इशारा सीए१ ला. खऱ्या बोर्डावर हे दोन्ही इशारे मोजणाऱ्या चिप्सच्या साखळीतून येतात. कोडमध्ये ती साखळी नाही, तिच्या जागी टायमर आहेत. पण फंक्शनची नावं व्हीए११ आणि काउंट२४० अशीच ठेवली आहेत. सर्किट बदललं, तारेचं नाव राखलं. डायग्राम शेजारी ठेवून वाचणाऱ्याला लगेच धागा सापडतो. हे चांगलं लेखन आहे, असं मी बिनधास्त म्हणेन.

दुसरी: मुख्य बोर्डाकडून आवाजाच्या बोर्डाकडे जाणारा हुकूम. पोर्ट आठ बिटांचा, पण पलीकडे फक्त सहा बिट जातात. वरचे दोन बिट कायम १. कोडमध्ये ते दोन बिट जबरदस्तीने १ केले आहेत आणि वर तशी टिप्पणीही आहे. शिवाय ही किंमत लगेच पलीकडे दिली जात नाही, आधी शेड्युलरकडून दोन्ही प्रोसेसरची वेळ जुळवून घेतली जाते. कारण मेम प्रोसेसर खरोखर एकत्र चालवत नाही. थोडा वेळ हा, थोडा वेळ तो, असं आळीपाळीने चालवतो. तारेला ‘कुठे’ असतं तसंच ‘केव्हा’ही असतं. फाइंडर फक्त ‘कुठे’ सांगतो. ‘केव्हा’चा हिशेब लेखकाने प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहायचा. विसरला तर कोणीही हटकत नाही, आवाज कधीतरी एखादा हुकूम गाळतो, इतकंच.

तिसरी माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. ६८२१ ला इंटरप्टच्या दोन पिना असतात, आयआरक्यूए आणि आयआरक्यूबी. त्या ओपन-ड्रेन आहेत, म्हणजे दोन्ही सरळ एकाच तारेला जोडता येतात. कोणतीही एक खाली खेचली की तार खाली. गेट लागत नाही, डाखच तर्क करतो. कोडमध्ये मात्र दोन फंक्शनांनी एकाच रेषेवर लिहिलं तर शेवटचा लिहिणारा जिंकतो. एकाने इंटरप्ट मागितला आणि दुसऱ्याने ‘मला नको’ म्हटलं, की पहिल्याची मागणी गायब. म्हणून मध्ये ‘इनपुट मर्जर’ नावाचं डिव्हाइस बसवावं लागतं. त्याच्या नावात ‘एनी हाय’ आहे, कारण इथे १ चा अर्थ ‘मागणी आहे’ असा, आणि खऱ्या तारेवर मागणी म्हणजे शून्य व्होल्ट. त्याच फाइलमध्ये सीए१ ला दिलेला १ मात्र खरोखरचा वरचा व्होल्टेज. दोन्हीकडे आकडा तोच आणि प्रकारही तोच, अर्थ वेगळा.

हा दोष एकट्या मेमचा नाही. क्यूएमू हा फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला एम्युलेटर पूर्णपणे वेगळ्या घराण्यातला. तिथे बोर्डाचा कोड एका डिव्हाइसची बाहेर जाणारी रेषा दुसऱ्याच्या आत येणाऱ्या रेषेला जोडतो. आणि तिथेही अनेक रेषा एकत्र आणायला ‘ऑर-आयआरक्यू’ आणि एक रेषा फोडायला ‘स्प्लिट-आयआरक्यू’ अशी डिव्हाइस करावी लागली. दोन वेगळ्या चमू त्याच खड्ड्यापाशी येऊन तसाच पूल बांधतात, तेव्हा खड्डा मूळ कल्पनेत आहे असं समजावं. तार ही फंक्शन कॉल नाही. तार ही सगळ्यांची सामायिक अवस्था आहे.

मग माझे आक्षेप तीन.

एक, टॅग ही नुसती अक्षरं आहेत. ‘मेनसीपीयू’ची स्पेलिंग चुकली तरी कंपायलरला कळत नाही. तपासणी वेगळी चालवावी लागते, किंवा मशीन सुरू होताना कळतं. हजारो मशीन एकाच कोडमध्ये सांभाळताना ही लवचिकता लागते हे मान्य, म्हणून हा आक्षेप सौम्य.

दोन, ‘ऑप्शनल’चा आळशी वापर. पाच मशीनसाठी एकच क्लास लिहिला की काही चिप्स काहींतच असतात, आणि मग सगळ्यालाच ऑप्शनल लावून मोकळं व्हायचा मोह होतो. कोड चालतो, पण यादी खोटी होते. ‘या बोर्डावर ही चिप होतीच’ हे विधान पुसलं जातं. उपवर्ग करून प्रत्येकाची खरी यादी लिहिणं कंटाळवाणं आहे, पण दस्तऐवजाचा दावा करायचा तर तो कंटाळा करून चालणार नाही.

तीन, आणि हा गंभीर: बोर्डावर असलेला भाग आणि सोयीसाठी घातलेला भाग कोडमध्ये सारखेच दिसतात. ६८२१ हे डिव्हाइस, मर्जरही डिव्हाइस. पण काही बोर्डांवर खरंच गेटची चिप असते, आणि तिच्यासाठीही तोच मर्जर वापरला जातो. मग वाचणाऱ्याने काय समजायचं? डाख की गेट? खेळ दोन्हीकडे सारखाच चालेल, म्हणजे खेळ चालणं हा इथे पुरावा ठरत नाही. एका ओळीच्या टिप्पणीने हे सुटतं. काही ड्रायव्हरमध्ये ती असते, बऱ्याच ठिकाणी नसते.

हे किरकोळ वाटत असेल तर बोर्डांच्या बाजूने विचार करा. कपॅसिटर गळतात, बॅटऱ्या फुटून तांबं खातात, रॉम बिट विसरतात. आज शंका आली तर कोणीतरी मल्टिमीटर लावून बघू शकतं. शेवटचा चालू बोर्ड गेला की उरतो तो फक्त कोड, आणि त्यात जे लिहिलं तेच खरं मानलं जाणार. जुनी मोजमापाची उपकरणं, प्रयोगशाळेतले कंट्रोलर यांचंही तेच होणार आहे, आणि त्यांना खेळांइतके चाहतेही नाहीत.

तेव्हा एखादा ड्रायव्हर उघडाल तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फाइंडरची यादी वाचा: बोर्डावर काय होतं. मग कॉलबॅक: कोणती पिन कुठे जाते. मग प्रत्येक मर्जर, प्रत्येक टायमर, प्रत्येक ऑप्शनल यांच्यापाशी थांबून विचारा, हे बोर्डावर होतं की लेखकाच्या टेबलावर? उत्तर डायग्राममधून मिळालं, तर ती एक ओळ टिप्पणी म्हणून लिहून पाठवा. सी प्लस प्लसचं फार ज्ञान नसलं तरी हे काम जमतं.