कर्ता आणि प्रयोजक : युनिक्समधील फाइल-अनुज्ञेची चिकित्सा

डेनिस रिची व केन थॉम्प्सन यांचा युनिक्स कार्यप्रणालीवरील निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला व त्याचा सुधारित पाठ १९७८ साली निघाला. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले असता फाइल-संरक्षणाच्या परिच्छेदात एक बोलका पाठभेद आढळतो. पहिल्या पाठात प्रत्येक फाइलीस संरक्षणाचे सात बिट आहेत. दुसऱ्यात ते दहा झाले आहेत. 'मालक' आणि 'इतर' या दोन वर्गांच्या मध्ये 'गट' हा तिसरा वर्ग आला, एवढाच काय तो फरक. वाचन, लेखन व निष्पादन या तीन क्रिया मात्र तशाच राहिल्या. युनिक्सच्या परंपरेतील कर्नल आजही मूलतः याच बिटांनी फाइलीचे दार राखतात. म्हणून ही चिकित्सा केवळ ऐतिहासिक कुतूहलाची बाब नव्हे.

या व्यवस्थेचा मुख्य गुण म्हणजे लाघव. त्या लाघवापायी काही संदिग्धता आली आहे, हे खरे. 'निष्पादन' हेच चिन्ह डिरेक्टरीवर आले की त्याचा अर्थ 'आत शिरून पुढे जाण्याची मुभा' असा होतो. केवळ वाचनाची अनुज्ञा असेल, तर डिरेक्टरीतील नावे दिसतात, परंतु त्या फाइलींपर्यंत पोहोचता येत नाही. तसेच मालकास वाचन नाकारून इतरांस दिले असेल, तर मालकच अडतो. कारण कर्नल पहिला लागू पडणारा वर्ग पाहून थांबतो. विशेष नियम सामान्यास बाधतो, हे ज्यास ठाऊक आहे त्या वैयाकरणास यात नवल वाटणार नाही. असे दोष अभ्यासाने अंगवळणी पडतात.

खरा दोष अन्यत्र आहे. वर्गांत न बसणारा जो एक बिट उरतो, तो लावलेला कार्यक्रम कोणीही चालविला तरी त्याला अधिकार मिळतो तो त्या कार्यक्रमाच्या मालकाचा. हिशेबाची फाइल केवळ ती ठेवणाऱ्या कार्यक्रमालाच वाचता वा बदलता यावी, असे उदाहरण निबंधात येते. या कल्पनेबद्दल रिची यांना १९७९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. येथे व्याकरणातील एक जुना भेद उपयोगी पडतो. 'मालकाने गड्याकडून शेत नांगरवले' या वाक्यात नांगरणारा एक व नांगरविणारा दुसरा. पाणिनीने कर्ता व त्याचा प्रयोजक यांस वेगळ्या संज्ञा दिल्या त्या याचसाठी. फाइल उघडताना कर्नल ज्याचा अधिकार धारण केला आहे त्याची ओळख तपासतो. ज्याच्या सांगण्यावरून हे चालले आहे त्याची नव्हे. प्रयोजकाची ओळख कार्यक्रमास उपलब्ध असते, तेव्हा हवी ती खातरजमा त्याने स्वतः करावी, असे निबंधकार सुचवतात आणि पुढे जातात.

हीच सूचना महागात पडली. प्रयोजकास ही फाइल उघडता येईल काय, हे विचारण्यासाठी पुढे 'अॅक्सेस' ही स्वतंत्र विनंती आली. कार्यक्रम आधी ती करतो, होकार मिळाला की 'ओपन' करतो. दोन्ही वेळा नाव तेच उच्चारले जाते. परंतु मधल्या क्षणी त्या नावाचा निर्देश पालटता येतो. प्रयोजकाने तेथे गुप्त फाइलीकडे नेणारा दुवा ठेवला, की परवानगी एका वस्तूची आणि उघडली जाते दुसरीच. कर्नलची स्वतःची तपासणी या दोषापासून मुक्त आहे, कारण 'ओपन'मध्ये नाव सोडविणे, अनुज्ञा पाहणे आणि त्याच वस्तूचा निर्देशांक हाती देणे ही एकच क्रिया असते. म्हणूनच कार्यक्रमाने आधी प्रयोजकाची ओळख धारण करावी आणि मगच फाइल उघडावी, हा उपाय ग्राह्य ठरतो.

निबंधकारांचे लाघव आदरास पात्र आहे, यात शंका नाही. तथापि जेथे कर्ता आणि प्रयोजक भिन्न असतात, तेथे दोघांचा विचार एकाच वाक्यात व्हावयास हवा. तो दोन वाक्यांत विभागला की मधल्या विरामात अनर्थ शिरतो.