चेहरा हलला पाहिजे

चरित्रपटांची लाट आल्यापासून रंगभूषेला एकच प्रश्न विचारला जातो: हुबेहूब दिसतो का? पोस्टर आलं की लोक जुना फोटो शेजारी ठेवून ताडून बघतात. हा निकष फार तोकडा आहे. प्रोस्थेटिक रंगभूषेची परीक्षा नट बोलायला लागल्यावर सुरू होते. चढवलेल्या थराखालून त्याचा गाल हलला, कपाळाला आठी पडली, तरच काम साधलं.

हा धडा फोम लॅटेक्सने घालून दिला. रबराच्या चिकात साबण आणि गंधक असलेली मिश्रणं घालून ते फेटतात. फुगून ते कित्येक पट झालं की गोठवणारं रसायन पडतं आणि आळण्याआधी सगळं साच्यात भरून मंद आचेच्या भट्टीत काही तास भाजावं लागतं. हवेतला उष्मा आणि दमटपणा बदलला की आळण्याची वेळही बदलते, त्यामुळे सकाळी जमलेलं प्रमाण दुपारी फसू शकतं. हाती येतो तो हलका, लवचिक तुकडा. त्याची कड इतकी पातळ हवी की ती कातडीत विरून जावी. 'लिटल बिग मॅन' (१९७०) मध्ये रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी डस्टिन हॉफमनना १२१ वर्षांचा म्हातारा केला, तेव्हा एकसंध मुखवटा टाळून एकमेकांवर चढणारे तुकडे लावले. त्यामुळे सुरकुत्यांच्या आतून अभिनय बाहेर आला.

आपल्याकडे 'पा' (२००९) साठी क्रिस्टियन टिन्स्ली आणि डॉमिनी टिल यांना बाहेरून बोलवावं लागलं आणि राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनाच मिळाला. दोनच वर्षांनी, २०११ च्या चित्रपटांसाठी, 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर' यांच्या रंगभूषेबद्दल विक्रम गायकवाड यांना तो मिळाला. 'तुंबाड' (२०१८) मधली आजी तर मोहम्मद समद या मुलाने साकारली. ती भेसूर दिसते म्हणून लक्षात राहत नाही. तिच्या तोंडून भूक आणि लबाडी बोलते, म्हणून राहते.

आता पडद्यावर सिलिकॉनचं राज्य आहे. त्यातून प्रकाश कातडीसारखा झिरपतो, कॅमेरा जवळ आला तरी ते टिकतं. फोम लॅटेक्स अपारदर्शक असल्याने रंगाचे थर देऊन त्यात जीव आणावा लागतो. पण सिलिकॉन जड असतं आणि त्याखाली घाम साचतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन अंकी नाटक करणाऱ्या नटासाठी हलकं लॅटेक्सच योग्य आहे. तरीही हौशी रंगमंचावर म्हातारपण अजून पेन्सिलीच्या रेघांनी आणि पांढऱ्या पावडरीने येतं. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असूनही ही स्थिती आहे, याचं मला वाईट वाटतं.

ही विद्या आजही बरीचशी उस्तादाच्या हाताखाली शिकली जाते. विक्रम गायकवाड मे २०२५ मध्ये गेले. असा माणूस गेला की हाताला कळलेलं पुष्कळ काही त्याच्याबरोबर जातं. म्हणून ही विद्या वर्गात यायला हवी, आणि त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. छत्रपती संभाजीनगरात छावणीतून निघालं तर काही किलोमीटरांत शासकीय दंत महाविद्यालय, शासकीय कला महाविद्यालय आणि मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. चेहऱ्याचा साचा ज्या अल्जिनेटने घेतात, त्याच जातीच्या अल्जिनेटने दंतवैद्य जबड्याची मापं घेतात. कर्करोगाने नाक किंवा डोळा गमावलेल्यांना कृत्रिम अवयव बसवणं हीसुद्धा त्यांचीच विद्याशाखा. रंग आणि आकाराची जाण कलाशाळेत आहे, नट नाट्यशास्त्र विभागात आहेत. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था ज्या शहरात उभी राहिली, तिथे या तिन्ही संस्थांनी मिळून एक कार्यशाळा चालवणं अवघड नाही.

समीक्षकांनी आणि परीक्षकांनीही आपली फूटपट्टी बदलावी. साम्याला थोडे गुण द्या. जास्त गुण ठेवा ते रंगभूषेतून नटाचं किती पोचलं यासाठी.