‘रीड मी’ : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांनी आजवर कशाकशाची समीक्षा केली नाही? ओवीची झाली, लावणीची झाली, उखाण्यांचीही झाली. पण जो वाङ्मयप्रकार जगभर रोज लाखो माणसं वाचतात, आणि त्यातली बरीचशी डोळ्यांत पाणी आणून वाचतात, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं नाही. हा वाङ्मयप्रकार म्हणजे ‘रीड मी’.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कुणीही वाचावी, बदलावी आणि सुधारून परत द्यावी असं सॉफ्टवेअर. सार्वजनिक विहिरीसारखा प्रकार आहे. पाण्याला मज्जाव कुणालाच नाही. फक्त दोर, बादली आणि रहाट ज्याचं त्याने जमवायचं. ते कसं जमवावं हे सांगणारं जे लेखन असतं, ते आजच्या चर्चेचा विषय.

या वाङ्मयाचं पहिलं वैशिष्ट्य नावातच आहे. इतर पुस्तकं ‘वाचलंत तर बरं’ अशा चेहऱ्याने कपाटात बसतात. हे थेट हुकूम सोडतं : ‘मला वाचा’. तेही इंग्रजीतल्या सगळ्या मोठ्या अक्षरांत, म्हणजे ओरडून. दुसरं वैशिष्ट्य, यात सगळी वाक्यं आज्ञार्थी. हे करा, ते करा. तिसरं आणि सर्वांत घातक वैशिष्ट्य म्हणजे ‘फक्त’ हा शब्द. ‘फक्त ही आज्ञा द्या.’ आमच्या एक मावशी बेसनाच्या वड्या सांगताना असंच म्हणत : ‘काही नाही गं, फक्त एकतारी पाक करायचा!’ त्या ‘फक्त’पायी किती घरांतल्या वड्या शेवटी चमच्याने खाल्ल्या गेल्या, ते त्या घरांनाच माहीत.

आता समीक्षा करायची तर हाताशी एक अभिजात कृती हवी. मी पायथॉनची निवड केली आहे. १९८९च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, ॲमस्टरडॅममध्ये गुइडो व्हान रॉसम यांनी ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा लोकांच्या हाती दिली. नाव अजगरावरून नव्हे, ‘मॉन्टी पायथॉन’ या विनोदी कार्यक्रमावरून ठेवलेलं. म्हणजे विनोदी निबंधाच्या संग्रहात तिला घ्यायला हरकत नाही. ही भाषा सुधारायला हात लावायचा असेल, तर आधी तिची प्रत आपल्या घरी आणून बांधावी लागते. ती कशी बांधावी हे सांगणारी एक सविस्तर मार्गदर्शिका आहे.

पहिला अंक ‘कॉन्फिगर’चा. ही हजारो ओळींची एक लिपी आपल्या यंत्राची चौकशी करते. थाट थेट सोयरीक जुळवण्याचा. सी भाषेचा कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. मग इतर चौकश्या, शेकड्यांनी. ही पद्धत ‘ऑटोकॉन्फ’ची; १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ती सुरू केली. या घराण्यातल्या कित्येक लिपी एक अजरामर प्रश्न विचारतात : बांधकामाचं वातावरण शुद्धीवर आहे काय? आणि खाली उत्तर उमटतं, ‘होय’. प्रत्यक्षात तिने एवढंच बघितलेलं असतं, की यंत्राचं घड्याळ बरोबर आहे आणि आत्ता जन्मलेली फाइल जुन्या फाइलीपेक्षा वयाने मोठी निघत नाही. पण रात्री बारा वाजता, तिसऱ्या प्रयत्नाला, ‘शुद्धीवर आहे’ हा शेरा कुणी दिला की माणसाला धीर येतो.

दुसरा अंक ‘मेक’चा. इथे प्रत्यक्ष बांधकाम होतं. पडद्यावरून ओळी धो धो वाहतात, प्रेक्षक चहा करून येतात. सगळं सुखरूप पार पडल्यावर, अगदी शेवटी, एक नम्र निवेदन येतं : अमुक अमुक ऐच्छिक भागांसाठी लागणारं सामान सापडलं नाही. आणि त्या ‘ऐच्छिक’ यादीत कधीकधी ‘एसएसएल’ असतं. ते नसेल तर पायथॉन उभा राहतो, बेरजा करतो, पण सुरक्षित संकेतस्थळावरून साधं एक पॅकेज उतरवून घेऊ शकत नाही.

मी हा भाग आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “अहो, म्हणजे आमटी वाढून झाल्यावर सांगायचं की कोकम नव्हतं!” या अंकाची याहून नेमकी समीक्षा मला जमणार नाही.

बरं, एसएसएल यंत्रावर नसतं का? असतं. पण वापरायचं एसएसएल वेगळं आणि त्यावर बांधकाम करायचं वेगळं. बांधकामाला त्याच्या ‘हेडर’ फायली लागतात, आणि त्यांचं पुडकं निराळं मिळतं. उबुंटूत त्याच्या नावापुढे ‘डेव्ह’ लावतात, फेडोरात ‘डेव्हल’. म्हणजे एका गावात देव पावतो आणि दुसऱ्यात सैतान, पण नवस दोन्हीकडे तोच. ही यादी पायथॉनच्या मार्गदर्शिकेत व्यवस्थित दिलेली आहे, हे मान्य केलंच पाहिजे. इतर कित्येक प्रकल्पांत ती फक्त जुन्या मंडळींच्या डोक्यात असते.

या कृतीतले दोन प्रसंग तर मला फारच आवडतात. लिनक्सवर तयार झालेल्या पायथॉनचं नाव ‘पायथॉन’. ॲपलच्या मॅकवर मात्र त्याला ‘पायथॉन डॉट ईएक्सई’ म्हणतात. विंडोजचं आडनाव, ॲपलच्या घरात! कारण असं, की त्याच जागी मोठ्या ‘पी’चा ‘पायथॉन’ नावाचा फोल्डर आधीपासून राहतो, आणि मॅकला सहसा मोठ्या-लहान अक्षरांतला फरक कळत नाही. एका वर्गात दोन जोशी असले की मास्तर एकाला ‘चष्म्याचा जोशी’ करतात, तसंच. दुसरा प्रसंग बांधकाम पुरं झाल्यावरचा. इथे मार्गदर्शिका सांगते की हे बसवू नका, त्याची गरज नाही. जिथे बांधलंत तिथूनच चालवा. सल्ला शहाणपणाचा आहे. पण एवढा स्वयंपाक करून पानं न मांडता ओट्याशी उभ्याने जेवायचं, हे मराठी मनाला जरा जड जातं.

आता मूल्यमापन. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि घरोघरी पोचली. तिचं मोठेपण पदार्थांत होतं तेवढंच मापांत होतं. वाटी, चमचा, किती लोकांसाठी, सगळं लिहिलेलं. जिच्या पाठीशी आई किंवा सासू उभी नाही, अशी मुलगीही ती उघडून पोळी-भाजी करू शकली. ‘रीड मी’ला मी हीच कसोटी लावतो. शेजारी विचारायला कुणी नसताना ते पुरतं का?

बहुतेक वेळा पुरत नाही, आणि त्यात लेखकाचा दुष्टपणा नसतो. त्याच्या यंत्रावर सगळं सामान दहा वर्षांपूर्वीच येऊन पडलेलं असतं. उणीव त्याला दिसणार कशी? या घरात साखरेच्या डब्यात मीठ असतं, हे नव्या सुनेलाच कळतं. सासूला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. आणि महिन्याभरात सूनही तोच डबा न बघता उघडायला लागते. म्हणजे हे वाङ्मय ज्यांना दुरुस्त करता येतं ते त्यात दोन-चार दिवसच नवखे असतात.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. या विहिरीवर काम करणारे बरेच लोक नोकरी सांभाळून, संध्याकाळी, बिनपगारी येतात. ती एक संध्याकाळ ‘सामान सापडलं नाही’ या ओळीशी झगडण्यात गेली, तर माणूस पुन्हा येत नाही. तक्रारही करत नाही. आपल्यालाच अक्कल कमी, असं समजून गुपचूप परत जातो. आलेल्यांची नावं यादीत लागतात, परत गेलेल्यांची नोंद कुठेच राहत नाही. दार उघडं आहे, असं आतल्या मंडळींना अगदी मनापासून वाटत राहतं. फक्त उंबरठा गुडघ्याएवढा आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

हल्ली यावर तोडगा म्हणून सगळं आधीच मांडून ठेवलेलं यंत्र दुसरीकडेच चालू असतं, आपण आपल्या घरातून त्यात डोकवायचं. पायथॉननेही ती सोय केली आहे. तयार इडलीच्या पिठासारखी उत्तम सोय. पण पीठ फुगलं नाही तर का, हे त्याने कळत नाही.

मला विचाराल तर या मार्गदर्शिकेचा खरा गुण वेगळाच आहे. ती स्वतःही ओपन सोर्स आहे. तिची संहिता सगळ्यांपुढे आहे आणि दुरुस्त्या कुणीही पाठवाव्यात. तेव्हा नवख्या वाचकांना एवढीच विनंती, की जिथे अडलात ती पायरी त्याच रात्री लिहून पाठवा. सकाळी तुम्हीही तज्ज्ञ झालेले असाल.

आवृत्ती : बदलती. किंमत : काही नाही, मात्र एक रविवार काढून ठेवावा.