आल्फा-क्षय : जुळणी आणि आकलन

जड अणुकेंद्रांच्या आल्फा-क्षयाची उपपत्ती जितक्या लवकर सर्वमान्य झाली, तितक्या लवकर अणुकेंद्रविज्ञानातील फार थोड्या उपपत्ती झाल्या असतील. ऊर्जा आणि अर्धायुष्य यांतील संबंध गायगर व नटल यांनी १९११ मध्ये मांडला; १९२८ मध्ये गॅमो यांनी, तसेच गर्नी व काँडन यांनी, पुंजयामिकीच्या आधारे त्याचा उलगडा केला. थोरियम-२३२ च्या क्षयात सुमारे ४.१ आणि पोलोनियम-२१२ च्या क्षयात सुमारे ९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते. पहिल्याचे अर्धायुष्य १४०० कोटी वर्षे, तर दुसऱ्याचे ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुपटीहून किंचित अधिक, पण काळात १०²⁴ पटींचे अंतर! एवढा विस्तार एका सूत्रात सामावावा, हे यश असामान्य आहे.

तथापि या यशातच एक धोका दडलेला आहे. लॉगरिथमी आलेखावरील चोवीस घरांत दहापटीची चूक केवळ एक घर व्यापते. विद्युत्-प्रतिसारणाचा बांध भेदून कण बाहेर कसा पडतो, एवढेच सूत्र सांगते. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन एकत्र येऊन तो कण मुळात घडतो कसा, हा प्रश्न त्या एका घरात लपून राहतो. वस्तुतः अणुकेंद्राची रचना तेथेच बोलते. पोलोनियम-२१० मध्ये १२६ न्यूट्रॉनांचे कवच पूर्ण असल्याने ही घडण पोलोनियम-२१२ हून दुष्कर ठरते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील य. कु. गंभीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अतिजड अणुकेंद्रांवर प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रयोगसिद्ध ऊर्जा घेतल्यास अर्धायुष्ये चांगली जुळतात. गणिताने काढलेली ऊर्जा घेतल्यास ती लक्षणीय बदलतात. तेथे अर्ध्या दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक अर्धायुष्यात दहापटीहून अधिक फरक पाडू शकते. ही बाब उघड मांडणे हेच त्या कामाचे मोल होय. प्रयोगातील ऊर्जा उसनी घेऊन साधलेली जुळणी बांधभेदनाची कसोटी ठरते, अणुकेंद्राच्या प्रतिकृतीची नव्हे.

नाशिकसारख्या ठिकाणी, त्वरकाविना, प्रसिद्ध आकड्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. सूत्रात आणखी एक स्थिरांक बसवून रेषा सरळ करणे सोपे असते. रेषेपासून ढळलेले बिंदू कोणते आणि ते का ढळले, हे सांगता आले तरच त्या श्रमास संशोधन म्हणावे.