ग्रीष्मातले रान आणि आमचे साहित्य

श्रावणातल्या रानाचे वर्णन ज्याने कधीच केले नाही, असा मराठी लेखक शोधूनही सापडायचा नाही. बालकवींपासून ही वाट चांगली मळलेली आहे आणि तिच्यावरून चालताना कोणाचा पाय घसरत नाही. परंतु तेच रान चैत्र-वैशाखात आमच्या कथा-कादंबऱ्यांत आले, की लेखकाजवळची विशेषणे एकाएकी आटतात. मग रान उजाड असते, भकास असते, नाहीतर मेलेले असते. नायकाचे मन उदास झाले, की त्याच्यासमोर एक निष्पर्ण झाड आणून उभे करायचे, हा तर आमचा ठरलेला रिवाज. या रिवाजाविषयी येथे तक्रार करावयाची आहे. फिर्यादी स्वतःच आरोपींच्या रांगेत बसलेला असल्यामुळे तक्रार फारशी कडवट होणार नाही, अशी आशा आहे.

माझ्या एका कादंबरीत भिवंडीहून वाड्याला जाणारा रस्ता आहे. नायक एप्रिल महिन्यात एसटीने निघतो, अंबाडी मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंचे साग पाहतो, आणि पुढे मी लिहिले होते, ‘सारे रान मरून उभे होते.’ हे वाक्य मला फार आवडले होते. लेखकाला स्वतःचे जे वाक्य फार आवडते ते त्याने एकदा मुलांसमोर वाचून पाहावे. मी वर्गात तो उतारा वाचला. मागच्या बाकावर वसतिगृहात राहणारा, तानसाकडच्या एका पाड्यावरचा मुलगा बसला होता. तो म्हणाला, “गुरुजी, साग मरत नाय. त्याने पाला टाकला.”

मुले हसली. मीही हसलो आणि पुढचा परिच्छेद वाचू लागलो. पण घरी आल्यावर ते क्रियापद मनातून जाईना. आम्ही लिहितो, ‘झाडाची पाने गळली.’ या वाक्यात पाने कर्ता आहेत, झाड नुसते उभे आहे, त्याच्यावर काहीतरी ओढवले आहे. मुलाच्या वाक्यात झाड कर्ता आहे. त्याने काहीतरी केले आहे. एका क्रियापदाचा हा फरक, पण त्यात रानाकडे पाहण्याच्या दोन रीती सामावल्या आहेत. आणि वनस्पतिशास्त्राचा कौल मुलाच्या बाजूने आहे.

पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाड हवेतला कर्बवायू आत घेते आणि त्याचे अन्न करते. परंतु दार उघडले की पाणी बाहेर जाते. त्या बाष्पामुळेच पान थंड राहते, माठातले पाणी राहते तसे. आता पाऊस नाही, जमीन तापली आहे, अशा वेळी झाडाने काय करावे? छिद्रे मिटावीत तर अन्न थांबते आणि पान तापत जाते. उघडी ठेवावीत तर मुळापासून शेंड्यापर्यंत गेलेला पाण्याचा धागा ताणत ताणत जातो, त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि धागा तुटतो. तुटलेल्या धाग्यावरची फांदी वाळते. साग या पेचातून पानच टाकून मोकळा होतो. टाकण्यापूर्वी पानातले कामाचे द्रव्य तो बरेचसे खोडात ओढून घेतो, देठाशी पडदा धरतो आणि मग पान सोडतो. घर बंद करून परगावी जाणारी गृहिणी आवराआवर करते, त्यातलाच हा प्रकार. याला मरण म्हणणे म्हणजे कुलूप पाहून मालक वारला असे समजण्यासारखे आहे.

आणि हे घर फार दिवस बंद राहत नाही. पळस आणि पांगारा पाने नसतानाच फुलतात. मोहाची फुले चैत्रात टपटपतात. कुसुंबाला तर उन्हाळ्याच्या ऐन भरात तांबडीलाल पालवी येते; पाऊस अजून कित्येक आठवडे दूर असतो. खोलवरच्या मुळांच्या आणि खोडात राखलेल्या पाण्याच्या भरवशावर झाड हे धाडस करते. ज्याला आम्ही मेलेले म्हटले, त्या रानाची ती लग्नसराई असते!

आता दुसरी बाजू पाहू. हिरवे रान म्हणजे सुखी रान, हा आमचा दुसरा ठरलेला संकेत. तोही तपासून घ्यायला हवा. भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली येथली सदाहरित झाडे एकदम सारा पाला टाकून बसत नाहीत. त्यांना पाने अंगावर ठेवून ऊन सोसावे लागते. सोसण्याला मर्यादा असते. 2023 साली काही शास्त्रज्ञांनी अंतराळस्थानकावरच्या उपकरणाने जगातल्या उष्ण कटिबंधातील अरण्यांच्या माथ्याचे तापमान मोजले. सरासरी 46.7 अंश सेल्सियसच्या आसपास अशा झाडांच्या पानातले अन्न तयार करण्याचे यंत्र बिघडू लागते. आज दर दहा हजारांत सुमारे एकच पान वर्षातून एकदा तरी ही मर्यादा ओलांडते, असा त्यांचा हिशेब आहे. आकडा लहान आहे. पण जग तापत आहे आणि तो वाढता आहे.

ब्राझीलमधल्या कशिवाना येथे तर अरण्याच्या एका हेक्टरवर झाडांखाली छपरे घालून जमिनीवर येणारे सुमारे निम्मे पाणी वर्षानुवर्षे बाहेर वळवण्यात आले. पहिली एकदोन वर्षे रान हिरवेच दिसले. मग झाडे मरू लागली, आणि ती कोवळी रोपे नव्हेत, तर सर्वांत थोर वृक्ष. जितका उंच वृक्ष तितका पाण्याचा धागा लांब आणि माथ्यावर ऊनही अधिक. म्हणजे आमच्या साहित्याने दोन्हीकडे उलटे वाचले. जे जगण्याची तजवीज करत होते त्याला मेलेले म्हटले, आणि जे आतून तुटत असू शकते त्याच्या हिरवेपणावर कविता केल्या.

सगळ्यांनीच असे केले नाही, हेही सांगितले पाहिजे. कालिदासाचा ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासूनच सुरू होतो. दुर्गाबाई भागवतांनी 1956 च्या ‘ऋतुचक्रा’त चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडे पाहिली, आणि त्यांना कोणाच्या सुखदुःखाचा आरसा न करता पाहिली. मारुती चितमपल्लींनी आयुष्याची कित्येक वर्षे वनाधिकारी म्हणून रानात काढली आणि रानाची भाषा मराठीत आणली. 2025 मध्ये ते गेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1955 च्या ‘बनगरवाडी’तला दुष्काळ माणसांचा आणि मेंढरांचा आहे, पण तोही अलंकार म्हणून येत नाही, वाडी खरोखरच रिकामी होते. या साऱ्यांच्या लेखनात पाहणे आधी आणि विशेषण नंतर येते. आम्ही इतरांनी विशेषण घरूनच बांधून नेले.

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे काही वनस्पतिशास्त्राचे पुस्तक नव्हे. कबूल. पण उपमा खोटी असेल तर ती ज्यासाठी दिली ते दुःखही खोटे वाटू लागते. शिवाय शब्द पुस्तकात राहत नाहीत. आमच्या तालुक्यात नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली आहेत. ‘नाहीतरी ओसाडच जागा आहे’ हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे, आणि ते बहुधा उन्हाळ्यातच बोलले जाते. ‘वाळलेलेच रान, पेटले तर काय बिघडले?’ हे त्याचे भावंड. वणव्यात नुसता पाचोळा जळत नाही. पावसाची वाट पाहणारी रोपे आणि बी त्यात जातात. साग-ऐनाची जून साल आग सोसते, पण दरवर्षीची नव्हे. आणि पाऊसच वर्षामागून वर्षे हुकला तर पाला टाकण्याची युक्तीही अपुरी पडते. अशा वेळी खरोखर मेलेले रान आणि थांबलेले रान यांत भेद करता आला पाहिजे. तो भेद करणारे शब्द जर लेखकांजवळच नसतील, तर ते इतरांनी कोठून आणावेत?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा रान अजून हिरवे असेल. फाल्गुन-चैत्रात मुलाबाळांना घेऊन वज्रेश्वरीला गेलात, तर कुंडाकडे वळण्यापूर्वी घटकाभर रस्त्याकडेच्या झाडांपाशी थांबावे, आणि फांदीच्या टोकाशी बोट लावून पाहावे.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याची काही चिन्हे नाहीत. म्हणून दुरुस्ती येथेच करतो. अंबाडीच्या पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, सागांनी पाला टाकला होता.